आवळा विळीवर काळा का पडतो?

लोखंडी विळीवर आवळा चिरला की फोडींच्या कडा निळसर काळ्या होतात. लोखंडी कढईत वांगं शिजवलं तरी तेच. घरोघरी स्टील आल्यापासून हा काळेपणा दिसेनासा झाला आणि आपण म्हटलं, बरं झालं. पण तो मळ नव्हता. आवळ्यातली तुरट द्रव्यं, म्हणजे टॅनिनं, विळीच्या पात्यावरून सुटलेलं किंचितसं लोखंड धरून ठेवतात आणि या जोडीचा रंग काळा असतो. हिरड्यात ही तुरट द्रव्यं भरपूर. म्हणून हिरडा उकळायचा, त्यात हिराकस टाकायचा आणि काळी शाई करायची, ही जुनी रीत. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार.

झाडपाल्याला धातू धरता येतो, हे आपल्या स्वयंपाकघराला फार पूर्वीपासून माहीत आहे. आता लोखंडाच्या जागी शिसं, कॅडमियम, निकेल किंवा क्रोमियम आहे असं समजा आणि विळीच्या जागी कारखान्याचं सांडपाणी. गेली कित्येक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत भाताचं तूस, उसाचं चिपाड, भुईमुगाची टरफलं, संत्र्याच्या साली, नारळाच्या करवंट्या, कडुनिंबाचा पाला, खेकड्याची कवचं असं हाताला लागेल ते घेऊन एकच प्रश्न विचारला जातोय: हे धातू पकडेल का? उत्तर बहुतेक वेळा 'हो' येतं. इतक्यांदा येतं की मला तरी आता त्या 'हो'चं फारसं कौतुक उरलेलं नाही. खरी गंमत पकडण्यात आहे आणि खरी डोकेदुखी पकडल्यानंतर. दोन्हींबद्दल सांगतो.

कुजत नाही, जळत नाही

गटाराचं पाणी कितीही घाण असलं तरी त्यातली बरीचशी घाण ही जिवाणूंचं अन्न असते. हवा द्या, वेळ द्या, जिवाणू ती खाऊन टाकतात. धातूचं तसं नाही. शिसं हे मूलद्रव्य आहे. त्याला कोणी खाऊन संपवू शकत नाही, जाळून त्याचा धूर करून ते नाहीसं होत नाही, आणि पाणी उकळलं तर वाफ उडून जाते, शिसं मागे उरतं, तेही आधीपेक्षा घट्ट प्रमाणात. त्यामुळे धातूच्या बाबतीत 'शुद्धीकरण' या शब्दाचा अर्थ फक्त एकच होतो: धातू इथून उचलून तिथे ठेवणं. हे एक वाक्य लक्षात राहिलं तर पुढचा सगळा लेख त्याचाच विस्तार आहे.

तो उचलला नाही तर काय होतं, याचं उदाहरण जपानमधल्या तोयामा प्रांतात आहे. जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची खाण होती. तिथून कॅडमियम नदीत उतरत राहिलं, नदीचं पाणी भातशेतीला जात राहिलं, भाताने ते दाण्यात साठवलं आणि लोकांनी तो भात वर्षानुवर्षं खाल्ला. मूत्रपिंडं बिघडली, हाडं इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीनेही मोडू लागली. रुग्णांत प्रौढ आणि वृद्ध बायका जास्त. दुखण्याला नाव पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. हा आजार प्रदूषणामुळे होतो हे जपान सरकारने १९६८ साली अधिकृतपणे मान्य केलं. नदीच्या पाण्याकडे पाहून मात्र कुणाला काही कळलं नसतं. विरघळलेल्या कॅडमियमला रंग नाही, वास नाही.

किती धातू म्हणजे जास्त? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसं ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. कारखान्याने नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा शिशाला ०.१, सहासंयुजी क्रोमियमला (हे क्रोमियमचं जास्त विषारी रूप) ०.१ आणि निकेलला ३ मिलिग्रॅम. हे आकडे डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात वाडीवस्तीवर येणारा दहा हजार लिटरचा टँकर आठवा. लिटरला ०.१ मिलिग्रॅम म्हणजे त्या अख्ख्या टँकरमध्ये एक ग्रॅम. चिमूटभर मिठाच्या आसपास. कारखान्याने सोडलेल्या पाण्यात एवढं शिसं राहिलं तर कायदेशीर, त्याहून जास्त राहिलं तर बेकायदा.

प्लेटिंगच्या शेडमध्ये

आता एखाद्या औद्योगिक वसाहतीतली छोटी प्लेटिंगची, म्हणजे धातूचा मुलामा देण्याची, शेड घेऊ. पिंपरी-चिंचवड, वाळूज, सातपूर, वसई, कुठेही दिसेल अशी. लोखंडी 'जॉब', म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, निकेलच्या टाकीत बुडतो, चकचकीत होऊन वर येतो आणि धुण्याच्या टाकीत जातो. वर येताना त्याच्या अंगाला निकेलचं पाणी चिकटलेलं असतं, ते धुण्याच्या पाण्यात उतरतं. सांडपाण्यातल्या निकेलचा मोठा भाग असा येतो. पुढे क्रोमचा थर द्यायचा असेल तर तिथेही तेच. फक्त ते पाणी पिवळं दिसतं.

(इथेच एक कानमंत्र. जॉब मूळ टाकीवर काही सेकंद जास्त निथळू दिला आणि एका टाकीऐवजी ओळीने दोन-तीन टाक्यांत, पाणी जॉबच्या उलट दिशेने सोडून धुतला, तर सांडपाण्यात जाणारा धातूही कमी होतो आणि पाणीही. कुठलंही तूस किंवा साल याहून स्वस्त पडत नाही.)

या पाण्यावर नेहमीचा उपाय म्हणजे चुना किंवा कॉस्टिक सोडा. सामू, म्हणजे पीएच, वाढवला की धातूचं हायड्रॉक्साइड होतं आणि ते गाळ होऊन खाली बसतं. क्रोमसाठी त्याआधी एक पायरी: आम्लात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून सहासंयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी करायचं, पाणी पिवळ्याचं हिरवं होतं, मग चुना. ही पद्धत जुनी आहे, दणकट आहे, आणि पाण्यात भरपूर धातू असेल तेव्हा तिला तोड नाही. गाडं अडतं ते शेवटच्या टप्प्यात. लिटरला शंभर मिलिग्रॅमवरून पाचवर आणणं सोपं, पाचवरून ०.१ वर आणणं महाग. त्यासाठी आयन विनिमयाची रेझिनं आहेत, आरओ आहे, बाजारातला सक्रिय कोळसा आहे. छोट्या शेडमालकाचं कंबरडं मोडतं ते इथे. तूस आणि सालींची खरी जागाही इथेच, या शेपटाकडच्या भागात. चुन्याला पर्याय म्हणून त्यांच्याकडे पाहिलं की निराशा ठरलेली. चुन्याच्या पाठीमागून येणारा झाडूवाला म्हणून पाहिलं तर त्यांच्यात दम आहे.

रश्शातली भाकरी आणि धोतराचं कुसळ

भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला की रस्सा आतपर्यंत मुरतो. हे शोषण. माळरानावरून चालून आलं की धोतराला, पायजम्याला कुसळं लागतात. ती कापडाच्या आत मुरत नाहीत, वर अडकून बसतात. हे अधिशोषण. धातू पकडण्याचा आपला सगळा खेळ दुसऱ्या जातीचा आहे. पृष्ठभागावर अडकवण्याचा.

मग पृष्ठभाग जितका मोठा तितकं बरं, हे ओघानेच आलं. करवंटी नीट भाजून, वाफेचा मारा करून जो सक्रिय कोळसा तयार होतो, त्याच्या एका ग्रॅममधल्या बारीक छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे हजार चौरस मीटर भरतात. म्हणजे ग्रॅमभर कोळशाच्या पोटात जवळपास दहा गुंठे रान! नुसत्या तुसाचं किंवा सालीचं क्षेत्रफळ याच्या पासंगालाही पुरत नाही. तरीही काही साली शिसं किंवा तांबं कोळशाच्या तोडीने पकडतात. कारण नुसतं रान मोठं असून भागत नाही, त्यात खुंट्या किती ठोकल्या आहेत हेही पाहावं लागतं.

या खुंट्या म्हणजे सेल्युलोज, लिग्निन, पेक्टिन, टॅनिन यांच्या रेणूंवरचे ऑक्सिजनवाले गट. हायड्रॉक्सिल, कार्बॉक्सिल ही त्यांची नावं. पाण्यात यातले काही गट आपला हायड्रोजन सोडून देतात आणि ऋणभारित होतात. विरघळलेलं शिसं, निकेल, तांबं, कॅडमियम हे धनभारित आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. विरुद्ध भार, त्यामुळे ओढ. काही वेळा नुसती ओढ नसते, खुंटीवर आधीच बसलेल्या कॅल्शियमला किंवा हायड्रोजनला उठवून धातू तिथे बसतो. तो झाला आयन विनिमय. काही वेळा दोन-तीन गट मिळून धातूला चिमट्यात धरतात, आवळ्यातल्या टॅनिनाने लोखंडाला धरलं तसं. संत्र्याच्या सालीत पेक्टिन भरपूर, म्हणून तिथे कार्बॉक्सिल गट भरपूर. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर. कोल्हापुरी चपलेचं चामडं पारंपरिक पद्धतीने बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावतात, तेही याच टॅनिनाच्या जोरावर, फक्त तिथे ते कातड्यातल्या प्रथिनाला धरतं. कानपूरच्या जाजमऊमधल्या चर्मोद्योगाने हीच कमावणी मोठ्या प्रमाणावर क्रोमियमच्या क्षारांनी केली आणि गंगेकाठचा क्रोमियमचा प्रश्न उभा राहिला. पहिल्या रीतीत वापरलेली सालच दुसऱ्या रीतीने केलेली घाण पुसायला उपयोगी पडते, हे मला नेहमी मजेशीर वाटतं.

आता चिंचेकडे. तांब्याचा हंडा चिंचेने घासला की लखलखतो. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळपट थर विरघळवतं आणि धातूचे आयन घेऊन वाहून जातं. सांडपाण्यातही आम्लाचा स्वभाव बदलत नाही. पाणी आम्लधर्मी असेल तर त्यात हायड्रोजन आयनांची झुंबड असते. तेही धनभारित, त्यांनाही त्याच खुंट्या हव्या असतात. सामू २ असेल तर निकेलला बसायला जागाच मिळत नाही. ४.५ ते ६ च्या दरम्यान चित्र पालटतं, खुंट्या मोकळ्या होतात आणि धातू भराभर चिकटतो. म्हणजे पकडताना आम्ल नको. पण पकडलेला धातू सोडवून घ्यायचा असेल तर हेच आम्ल कामाला येतं. भरलेल्या तुसावरून थोडं पातळ आम्ल फिरवायचं की धातू उतरतो आणि तूस, निदान काही वेळा तरी, परत वापरता येतं.

सामू ७ च्या पुढे गेला तर? तर बरेच धातू आपोआप गाळ होऊन खाली बसू लागतात. इथे एक पळवाट आहे. तुसाची राख किंवा औष्णिक वीज केंद्रातली राख बहुधा अल्कधर्मी, म्हणजे चुन्याच्या स्वभावाची, असते. ती पाण्यात टाकली की सामू चढतो, धातू खाली बसतो, आणि शोधनिबंधात छापून येतं की राखेने ९८ टक्के धातू अधिशोषला. खरं काम चुन्यानेच केलेलं असतं, फक्त तो राखेच्या वेषात आलेला असतो. काम झालं याला माझी हरकत नाही, पण श्रेय कोणाचं हे कळलं नाही तर पुढचं गणित चुकतं.

एसटीतल्या जागा

एक किलो तुसाने किती धातू धरावा? इथे आयर्विंग लँगम्यूर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाची आठवण काढावी लागते. १९१८ साली त्याने मांडलेलं समीकरण आजही या विषयातल्या जवळपास प्रत्येक निबंधात असतं. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्याला १९३२ चं नोबेलही मिळालं. समीकरण बाजूला ठेवू. एसटी घेऊ.

गाडीत ठराविक आसनं आहेत, उभं राहून प्रवास बंद. स्टँडवर चारच माणसं असतील तर चौघं बसतात, पण गाडी रिकामीच निघते. स्टँडवर दोनशे माणसं असतील तर गाडी गच्च भरते, तरी दीडशे खालीच राहतात. मधल्या स्टॉपवर काही उतरतात, काही चढतात. चढणारे आणि उतरणारे सारखे झाले की गाडीतली संख्या स्थिर राहते. याला म्हणायचं समतोल. लँगम्यूरने सगळ्या जागा सारख्या मानल्या. फ्रॉइंडलिश या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाचं दुसरं समीकरण अशा पृष्ठभागांना जास्त लागू पडतं जिथे जागा सारख्या नसतात: खिडकीच्या आधी भरतात, चाकावरची शेवटी. तूस आणि साली बहुधा या दुसऱ्या जातीच्या.

यातून एक गोष्ट निघते जी जाहिरातीत कधी येत नाही. निबंधात लिहिलेली 'क्षमता', उदाहरणार्थ ग्रॅममागे २० मिलिग्रॅम, ही स्टँडवर तुडुंब गर्दी असतानाची असते. आपल्याला तर स्टँड रिकामा करायचाय. पाण्यातला धातू ०.१ किंवा ३ मिलिग्रॅमवर आणायचा म्हणजे शेवटी स्टँडवर मोजकीच माणसं उरणार, आणि त्या वेळी गाडी अर्धीही भरत नाही. क्षमता २० ची ४ झाली तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

शिवाय खऱ्या स्टँडवर फक्त आपलेच पाहुणे नसतात. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात निकेलचा क्षार विरघळवून प्रयोग होतो. कारखान्याच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, तेल, साबण, सगळं असतं. कॅल्शियम तर हक्काने जागा अडवतं. त्यात प्लेटिंगच्या काही द्रावणांत सायनाइड, अमोनिया, सायट्रेट अशी द्रव्यं मुद्दामच घातलेली असतात, ती धातूचा हात आधीच घट्ट धरून असतात. मग बिचारी साल काय करणार?

म्हणून वर्तमानपत्रात 'टाकाऊ सालीने ९९ टक्के शिसं काढलं' असं वाचलं की मी आधी विचारतो, सुरुवात कितीपासून? लिटरला १०० मिलिग्रॅम असेल तर ९९ टक्के जाऊन १ उरलं. सोडायच्या पाण्याच्या मर्यादेच्या दहापट, पिण्याच्या मर्यादेच्या शंभरपट. टक्केवारी परीक्षेत ठीक, सांडपाण्यात शेवटी किती उरलं तेच सांगावं.

हाताला काय लागतं

भाताचं तूस या यादीतला माझा आवडता पदार्थ. शंभर किलो भात भरडला तर साधारण वीस किलो तूस निघतं. त्यात सेल्युलोज आणि लिग्निन आहे, शिवाय भरपूर सिलिका. जाळलं तर तुसाची एक पंचमांश राख उरते आणि तीही मुख्यतः सिलिकाच. या सिलिकेमुळे तूस पाण्यात लवकर कुजत नाही, लगदा होत नाही, पाणी त्यातून झिरपत राहतं. आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांपाशी त्याचे डोंगर असतात. नुसतं तूस धातू बेताचाच धरतं. सौम्य कॉस्टिकने धुतलं की वरचा मेणचट थर निघतो आणि खुंट्या उघड्या पडतात. सायट्रिक आम्लासोबत तापवलं तर नव्या कार्बॉक्सिल खुंट्या ठोकल्या जातात. पण प्रत्येक धुण्याला पाणी लागतं, रसायन लागतं आणि धुतलेल्या पाण्याचं काय हा प्रश्न नव्याने उभा राहतो.

आणि 'फुकट' हा शब्दही जपून वापरावा. तूस बॉयलरला जातं, उसाचं चिपाड तर साखर कारखाने स्वतःच जाळून वीज करतात. ज्याला गिऱ्हाईक आहे तो कचरा नव्हे.

संत्र्याच्या सालीचा अनुभव सांगतो. शिकत असताना पहिल्यांदा वाळवून दळलेली साल शिशाच्या द्रावणात टाकली तेव्हा शिसं खरंच उतरलं, पण पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. सालीतली साखर, रंगद्रव्यं, टॅनिनं पाण्यात उतरली होती. धातूची चाचणी पास, सेंद्रिय प्रदूषणाची नापास. म्हणून साली आधी नीट धुवाव्या लागतात किंवा त्यांचा कोळसा करावा लागतो. घरच्या पिण्याच्या पाण्यात साली टाकून ते 'शुद्ध' करण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नये, याचं एक कारण हेही.

कोळंबी आणि खेकड्याच्या कवचांपासून होणारं कायटोसान पारा आणि तांब्याच्या बाबतीत फार गुणी, कारण त्यात नायट्रोजनवाल्या खुंट्या असतात. पण कवचाचं कायटोसान करायला कडक कॉस्टिकमध्ये तापवावं लागतं, तेव्हा ते 'स्वस्त'च्या रांगेतून जवळजवळ बाहेर पडतं.

कोकणातल्या माणसाला आवडेल अशी गोष्ट जांभ्याची. जांभा दगड म्हणजे पावसाने धुऊन धुऊन उरलेली लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. तांबडा रंग त्या लोखंडाचा. आर्सेनिक पाण्यात अनेकदा ऋणभारित रूपात असतं, त्यामुळे सालींच्या ऋणभारित खुंट्या त्याला नकोशा असतात. लोखंडाच्या ऑक्साइडवर मात्र ते पटकन बसतं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी जांभ्यावर आधी आम्लाची आणि मग अल्कलीची प्रक्रिया करून आर्सेनिकचे फिल्टर तयार केले आणि पश्चिम बंगालमध्ये, जिथे भूजलातलं आर्सेनिक हा घरोघरीचा प्रश्न आहे तिथे, ते वापरात आणले. ते सांडपाणी नव्हे, पिण्याचं पाणी आहे. पण प्रयोगशाळेतून गावातल्या नळापर्यंत पोचलेली जी थोडी उदाहरणं आहेत त्यातलं हे एक, म्हणून सांगितलं.

झिओलाइट नावाची खनिजंही याच कुळातली. त्यांच्या पिंजऱ्यासारख्या रचनेत आयन अडकतात. चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघातानंतर किरणोत्सारी सीझियम पाण्यावाटे पसरू नये म्हणून झिओलाइट वापरलं गेलं होतं. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत झिओलाइटचे देखणे स्फटिक मिळतात, पण ते सहसा संग्राहकांच्या कपाटात जातात.

क्रोमियमचा चकवा

क्रोमियमवर थोडं थांबायला हवं, कारण त्याने भल्याभल्यांना फसवलंय. सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक, पाण्यात सहज विरघळणारं, आणि ऋणभारित क्रोमेटच्या रूपात असणारं. त्रिसंयुजी क्रोमियम कितीतरी कमी विषारी आणि धनभारित. सालींवरचे प्रयोग दाखवत होते की सामू २ च्या आसपास, म्हणजे बाकीच्या धातूंच्या अगदी उलट, सहासंयुजी क्रोमियम झपाट्याने नाहीसं होतं. निष्कर्ष निघाला की आम्लात सालीचा पृष्ठभाग धनभारित होतो आणि क्रोमेट तिथे चिकटतं.

अर्धं खरं होतं. नंतर नीट पाहिल्यावर लक्षात आलं की साल क्रोमेटला नुसतं धरत नाही, त्याचं रूपच बदलते. सहासंयुजी क्रोमियम जबरदस्त ऑक्सिडीकारक आहे, ते सालीतल्या सेंद्रिय द्रव्याला जाळतं आणि त्या झटापटीत स्वतः त्रिसंयुजी होतं. त्यातलं काही सालीवर बसतं आणि काही चक्क पाण्यात परत येतं. ज्यांनी फक्त सहासंयुजी क्रोमियम मोजलं त्यांना ते शून्य दिसलं आणि त्यांनी 'शंभर टक्के' लिहून टाकलं. एकूण क्रोमियम मोजलं असतं तर उरलेलं सापडलं असतं. मेटाबायसल्फाइटचं काम सालीने केलं, हे चांगलंच आहे, पण पुढे चुन्याची पायरी चुकत नाही.

टाकी भरते तेव्हा

चंचुपात्रात साल ढवळणं निराळं आणि रोज टाकीभर पाणी निस्तरणं निराळं. कारखान्यात उभ्या नळकांड्यात माल भरतात आणि पाणी वरून सोडतात. आधी वरचा थर भरतो, मग त्याखालचा, असं करत भरलेल्या भागाची सीमा खाली सरकते. ती तळाशी पोचेपर्यंत खालून निघणारं पाणी स्वच्छ असतं. पोचली की धातू अचानक डोकावतो. म्हणून शहाणा माणूस एकामागे एक दोन नळकांडी जोडतो. पहिल्यातून धातू निसटू लागला की तो दुसऱ्यात अडकतो, तेवढ्यात पहिलं बदलायचं.

आता उदाहरणादाखल हिशेब. शेडमधून रोज ५,००० लिटर धुण्याचं पाणी निघतं, त्यात लिटरला २० मिलिग्रॅम निकेल आहे, आणि ते ३ वर आणायचंय. म्हणजे रोज ८५ ग्रॅम निकेल पकडायचं. निबंधातली क्षमता, ग्रॅमला २० मिलिग्रॅम, धरली तर रोज सव्वाचार किलो तूस पुरे. प्रत्यक्षातली ४ धरली तर २१ किलोच्या वर. वर्षाचे ३०० दिवस चाललं तर सहा टनांहून जास्त तूस. न दळलेल्या तुसाचा घनमीटर भरतो जेमतेम शंभर किलोचा, म्हणजे साठ घनमीटरहून मोठा ढीग. एवढं सगळं साडेपंचवीस किलो निकेलसाठी.

आम्लाने धुऊन तूस पुन्हा वापरलं तर ढीग बराच आटोक्यात येतो. ५,००० लिटरमध्ये पसरलेलं दिवसाचं ८५ ग्रॅम निकेल ५० लिटर आम्लात उतरवलं तर ते द्रावण लिटरला १.७ ग्रॅमचं झालं. आता त्यातून निकेल परत मिळवण्याचा विचार तरी करता येतो. माझ्या मते या सगळ्या तंत्राचं मोल इथे आहे. पाणी स्वच्छ झालं हे अर्धं काम. विखुरलेला धातू मुठीत मावेल एवढा गोळा झाला हे उरलेलं अर्धं. जो प्रयोग पहिल्यावर थांबतो त्याने धातू पाण्यातून काढून पोत्यात भरलाय, एवढंच.

पोत्याची मात्र काळजी घ्यावी लागते. ते तूस जाळलं तर निकेल, क्रोमियम राखेत दाट होऊन बसतं, आणि पारा, कॅडमियम, आर्सेनिक यांतलं बरंच धुरावाटे निसटतं. खतात मिसळलं तर जिंझूकाठची गोष्ट आपण आपल्या हाताने सुरू केली. सिमेंटमध्ये किंवा विटेत कोंडायचं तर आधी झिरपण्याची चाचणी हवी, कारण आम्लधर्मी पावसात किंवा कचऱ्याच्या ढिगातल्या आंबट पाण्यात चिंचेने हंडा घासल्यासारखं पुन्हा सुरू होऊ शकतं.

आवळ्याची फोड निदान काळी पडून सांगते की तिने काहीतरी धरलंय. निकेल धरलेलं तूस पाहून काही कळत नाही. रंग तोच, वास तोच, गिरणीतून आलं तेव्हा होतं तसंच पिवळसर. शेडच्या मागे गोणीत पडून राहिलं तर कुणीतरी गोठ्यात अंथरायला नेईल, कुणी चुलीला, आणि नेणाऱ्याची त्यात काही चूक नसेल. म्हणून वापरलेला माल घातक कचरा म्हणून वजन करून नोंदवतात, गोणीवर तसं लिहितात आणि तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा विल्हेवाट केंद्राकडे गाडी पाठवतात. त्या गाडीचं भाडंही तुसाच्या किमतीत धरायचं असतं.